दोन प्रदेशांनी महासाथ कशी हाताळली, याची तुलना कशी करावी

कोविड-१९च्या महासाथीत कोणत्या देशाने किंवा प्रांताने चांगले काम केले, यावर आजही तावातावाने मते मांडली जातात आणि पुष्कळदा त्या मतांच्या मुळाशी एकूण रुग्ण व एकूण मृत्यू हे दोनच आकडे असतात. एवढे दोन आकडे शेजारी मांडून तुलना होत नाही. ज्या निर्बंधांमुळे कोट्यवधी लोकांची कमाई थांबली, मुलांच्या शाळा बंद राहिल्या आणि कित्येकांना मरणपंथाला लागलेल्या आप्तांची शेवटची भेटही घेता आली नाही, ते निर्बंध कोठे उपयोगी पडले आणि कोठे पडले नाहीत, हे नीट तपासणे हे त्या सर्वांचे आपल्यावरील देणे आहे, असे मला वाटते. पुढे सांगितलेली पद्धत मुख्यतः कोविडच्या अनुभवावर बेतलेली असली, तरी १९१८च्या इन्फ्लुएंझासारख्या जुन्या साथीचा अभ्यास करतानाही ती वापरता येते.

आधी प्रश्न, मग काळ

‘सर्वांत चांगली कामगिरी कोणाची?’ या प्रश्नात अनेक प्रश्न एकत्र बांधलेले असतात. माणसे कमी कोठे दगावली, रुग्णालयांवर असह्य ताण कोठे आला नाही, लोकांच्या शिक्षणाची व उपजीविकेची हानी कोठे कमी झाली, या प्रत्येकाचे उत्तर वेगळे निघू शकते. म्हणून आकडे गोळा करण्यापूर्वी एक वाक्य लिहून ठेवावे: कोणता परिणाम, कोणत्या लोकसंख्येत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मोजायचा आहे. हे वाक्य आधी लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण आकडे पाहिल्यानंतर आपल्या मताला सोयीचा काळ निवडण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

काळाची निवड उत्तर कसे पालटून टाकते, हे स्वीडनच्या उदाहरणावरून दिसते. २०२० मध्ये स्वीडनने सर्वंकष टाळेबंदी टाळली. तेथे ५० पेक्षा अधिक लोकांच्या जमावाला मार्चअखेरीपासून बंदी होती आणि उच्च माध्यमिक शाळा व विद्यापीठे दूरशिक्षणाकडे वळली होती, मात्र लहान मुलांच्या शाळा, दुकाने आणि उपाहारगृहे सुरू राहिली. त्या वर्षीच्या जूनपर्यंतचे आकडे पाहिले, तर लोकसंख्येच्या प्रमाणात स्वीडनमधील मृत्यू नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड या शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी पट अधिक होते. याउलट २०२० ते २०२२ या तिन्ही वर्षांतील जादा मृत्यूंची, म्हणजे एरवी अपेक्षित असलेल्यांपेक्षा अधिक झालेल्या मृत्यूंची, बेरीज केली, तर स्वीडन युरोपातील सर्वांत कमी हानी झालेल्या देशांच्या गटात बसतो. दोन्ही विधाने खरी आहेत, आणि त्यांपैकी एकच सांगून थांबणारा लेखक वाचकाची दिशाभूल करतो. व्हिएतनामची गोष्ट उलट्या क्रमाने घडली. तेथे कोविडचा पहिला मृत्यू ३१ जुलै २०२० रोजी नोंदला गेला, तोवर तो देश जगापुढे आदर्श म्हणून मांडला जात होता, आणि २०२१च्या उत्तरार्धात डेल्टा उपप्रकाराच्या लाटेने हो ची मिन्ह शहराला जबर तडाखा दिला.

यावर व्यवहार्य उपाय म्हणजे महासाथीचे किमान तीन कालखंड पाडणे: लस येण्यापूर्वीचा काळ, लसीकरण चालू असतानाचा काळ आणि २०२१च्या अखेरीस ओमायक्रॉन आल्यानंतरचा काळ. प्रत्येक खंडात विषाणूचे वर्तन, लोकांची प्रतिकारशक्ती आणि उपलब्ध साधने वेगळी होती. प्रत्येक खंडाची तुलना स्वतंत्र करावी आणि मगच एकूण बेरीज मांडावी.

तुलनेसाठी जोडी निवडताना

जोडी अशी असावी, की दोन प्रदेशांत भूगोल, हवामान, वयोरचना आणि संसर्ग पोहोचण्याची वेळ यांत फार तफावत नसेल, आणि धोरणात मात्र ठळक फरक असेल. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतील, प्रशांत महासागरातील दोन सामोआ बेटसमूह हे याचे अत्यंत बोलके आणि दुःखद उदाहरण आहे. न्यूझीलंडच्या प्रशासनाखालील पश्चिम सामोआत नोव्हेंबर १९१८ मध्ये ‘तालुने’ नावाचे जहाज आजारी प्रवाशांसह आले, त्याला अटकाव झाला नाही आणि पुढच्या काही आठवड्यांत तेथील सुमारे एक पंचमांश लोकसंख्या मृत्युमुखी पडली. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी सागरी विलगीकरण कडकपणे लागू केले आणि तेथे त्या साथीत एकही मृत्यू झाला नाही. एकाच वंशाचे, एकाच भाषेचे आणि सारखेच जीवनमान असलेले लोक दोन्हीकडे होते, म्हणून या तुलनेतून निघणारा निष्कर्ष भक्कम ठरतो.

असे योग क्वचितच येतात. त्यामुळे बेटाची तुलना खंडाच्या मध्यभागी असलेल्या, चारही बाजूंनी रस्ते उघडे असलेल्या देशाशी केली, तर त्यातून धोरणाविषयी फारसे कळत नाही. न्यूझीलंडने १९ मार्च २०२० रोजी परदेशी नागरिकांसाठी सीमा बंद केली, हा निर्णय होताच, पण तो अमलात आणणे त्या देशाला शक्य होते, यात समुद्राचाही वाटा होता. पूर्वानुभवाचेही तसेच आहे. दक्षिण कोरियात २०१५ मध्ये मर्स या कोरोनाविषाणूजन्य श्वसनविकाराच्या उद्रेकात १८६ जण बाधित झाले व ३८ जण दगावले, आणि त्यानंतर तेथे चाचण्यांना तातडीची मंजुरी देण्याची व संपर्कशोधाची व्यवस्था उभी राहिली. तैवाननेही २००३ च्या सार्स या तशाच आजाराच्या साथीपासून धडा घेतला होता. या देशांचे २०२० मधील यश समजून घेताना त्या वर्षीच्या निर्णयांइतकेच आधीच्या वर्षांतील तयारीला महत्त्व द्यावे लागते. अशा वेळी एका जोडीवर विसंबू नये. स्वीडनची तुलना शेजारच्या तीन देशांशी करावी, तशीच ज्या देशांत त्याच सुमारास तितकाच संसर्ग बाहेरून आला होता त्यांच्याशीही करावी. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर ती तफावतच पुढे शोधण्याचा विषय ठरते.

देशांऐवजी एकाच देशातील प्रांत घेतले, तर कायदे, नोंदणीची पद्धत आणि चलन सारखे असल्यामुळे काम पुष्कळ सोपे होते. इटलीत मार्च २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात संपूर्ण देशात टाळेबंदी लागू झाली. त्या वेळी उत्तरेकडील लोम्बार्डीत संसर्ग आधीच हाताबाहेर गेला होता, तर दक्षिणेकडील प्रांतांत तो नुकताच पोहोचत होता. नियम तोच, तारीखही तीच. पण पहिल्या लाटेत दक्षिणेतील मृत्यूंचे प्रमाण लोम्बार्डीच्या तुलनेत फारच कमी राहिले. निर्बंध किती कडक होते, याच्याइतकेच ते साथीच्या कोणत्या टप्प्यावर आले, हे विचारणे आवश्यक का आहे, ते येथे दिसते.

मोजायचे काय

रुग्णसंख्येवर तुलना उभी करू नये, हे मी ठामपणे सांगेन. रुग्णसंख्या जितकी साथ मोजते, तितकीच चाचण्यांची व्यवस्थाही मोजते. २०२१च्या जुलै-ऑगस्टमध्ये भारतातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या केरळमध्ये नोंदले जात होते आणि त्यावरून त्या राज्यावर टीकेची झोड उठली होती. त्याच सुमारास झालेल्या चौथ्या राष्ट्रीय सीरो सर्वेक्षणात (संसर्गामुळे किंवा लसीमुळे रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे तपासणाऱ्या पाहणीत) प्रतिपिंडे आढळलेल्यांचे प्रमाण केरळमध्ये ४४.४ टक्के, म्हणजे सर्वेक्षणातील राज्यांत सर्वांत कमी होते, तर मध्य प्रदेशात ते ७९ टक्के होते. केरळ अधिक बाधितांना शोधून काढत होते आणि तेथे अजून संसर्ग न झालेले लोकही अधिक उरले होते. रुग्णसंख्या वापरावीच लागली, तर तिच्यासोबत एकूण चाचण्यांपैकी किती बाधित निघाल्या, ते प्रमाण अवश्य द्यावे.

नोंदलेले मृत्यू त्यापेक्षा बरे, पण तेही सरसकट विश्वासार्ह नाहीत. बेल्जियमने वृद्धाश्रमांतील, चाचणी न झालेल्या परंतु कोविडची शंका असलेल्या मृत्यूंचीही गणना केली आणि त्यामुळे तो देश सुरुवातीला यादीत फार वर दिसला. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये, चाचणी बाधित आल्यापासून २८ दिवसांच्या आत झालेला मृत्यू, अशी मर्यादा घालताच एका दिवसात पाच हजारांहून अधिक मृत्यू यादीतून वगळले गेले. पेरूने ३१ मे २०२१ रोजी आपल्या नोंदी तपासून मृतांचा अधिकृत आकडा सुमारे ६९ हजारांवरून सुमारे १ लाख ८० हजारांवर नेला. त्याच वर्षी जूनमध्ये बिहारने एका दिवसात जवळपास ४ हजार जुने मृत्यू आपल्या यादीत मिळवले. ज्या सरकारने चूक दुरुस्त केली, त्याचा आकडा वाढतो आणि ज्याने केली नाही, त्याचा लहान राहतो; तुलना करणाऱ्याने प्रामाणिकपणाला शिक्षा होणार नाही, याची काळजी घ्यायला हवी.

म्हणून मुख्य मोजमाप ‘जादा मृत्यू’ हे असावे. साथ आली नसती तर त्या काळात सर्व कारणांनी मिळून किती मृत्यू अपेक्षित होते, याचा आधीच्या वर्षांवरून अंदाज बांधायचा आणि प्रत्यक्ष मृत्यूंतून तो वजा करायचा. या पद्धतीत मृत्यूच्या दाखल्यावर कोणते कारण लिहिले आहे, याला महत्त्व उरत नाही, आणि रुग्णालयात जागा न मिळाल्यामुळे अन्य आजाराने दगावलेले लोकही मोजले जातात. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० व २०२१ या दोन वर्षांसाठी जगभरात १ कोटी ४९ लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला. त्याच काळात नोंदलेले कोविड मृत्यू सुमारे ५४ लाख होते. भारतासाठीचा सुमारे ४७ लाखांचा अंदाज भारत सरकारने अमान्य केला. असा वाद असतो तेथे दोन्ही आकडे आणि दोन्ही बाजूंचा आधार वाचकासमोर ठेवावा. जेथे मृत्यूंची नोंदणीच अपुरी आहे, तेथील आकडे मोजलेले नसून गणिती प्रारूपांतून काढलेले असतात, हेही स्पष्ट लिहावे. जादा मृत्यू उणेही येऊ शकतात: न्यूझीलंडमध्ये २०२० साली नेहमीचा फ्लू जवळजवळ नाहीसा झाला आणि एकूण मृत्यू अपेक्षेपेक्षा कमी झाले.

यानंतर वयाचा हिशेब करावाच लागतो. जपानचे मध्यक वय (निम्मे लोक ज्याहून लहान आणि निम्मे मोठे असतात ते वय) ४८च्या आसपास आहे, नायजरचे १५च्या आसपास, आणि कोविडने मृत्यू येण्याचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ‘क’ प्रदेशात १ लाख लोकांपैकी २० हजार जण ६५ वर्षांवरील आहेत, ‘ख’ प्रदेशात १ लाखापैकी फक्त ५ हजार. ‘क’मध्ये ज्येष्ठांचा मृत्युदर लाखामागे ६०० आणि इतरांचा २० आहे, तर ‘ख’मध्ये तेच दर ९०० आणि ३० आहेत. प्रत्यक्षात ‘क’मध्ये १२० अधिक १६, म्हणजे १३६ मृत्यू होतील, आणि ‘ख’मध्ये ४५ अधिक सुमारे २९, म्हणजे ७४. वरवर पाहता ‘ख’ने जवळपास दुप्पट चांगले काम केलेले दिसते. आता ‘ख’चे दर ‘क’च्या लोकसंख्येला लावले, तर १८० अधिक २४, म्हणजे २०४ मृत्यू होतात. प्रत्येक वयोगटात ‘ख’मधील धोका दीडपट होता आणि कच्च्या आकड्यांनी तो झाकून टाकला होता. वयोगटनिहाय आकडे उपलब्ध असतील, तर हे गणित साध्या कोष्टकावर कोणालाही करता येते, आणि ते न करता दोन देशांची क्रमवारी लावू नये.

सरासरीच्या आतही पाहावे. सिंगापूरमध्ये २०२० साली मृत्यू फारच थोडे झाले, म्हणून त्याचे कौतुक झाले. पण परदेशी कामगारांच्या वसतिगृहांत, जेथे एका खोलीत अनेक जण राहत होते, तेथील सुमारे ४७ टक्के कामगारांना त्या वर्षअखेरपर्यंत संसर्ग होऊन गेला होता, असे तेथील सरकारनेच जाहीर केले. बाकीचे शहर मोकळे झाल्यावरही या कामगारांच्या हालचालींवर बंधने राहिली. एकाच शहरात दोन वेगळे अनुभव होते आणि सरासरीत त्यांपैकी कोणताच दिसत नाही.

निर्बंध मोजताना

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासगटाने देशोदेशीच्या निर्बंधांना ० ते १०० असे गुण देणारा कठोरता निर्देशांक तयार केला. तो अतिशय उपयोगी आहे, पण तो कागदावरचा नियम मोजतो. नियम पाळला गेला का, पाळणे लोकांना परवडत होते का, हे त्यात येत नाही, आणि देशाच्या एखाद्याच भागात लागू असलेला कडक नियम सबंध देशाच्या गुणांत उतरू शकतो. म्हणून प्रत्येक निर्बंधासाठी तीन वेगळे रकाने करावेत: आदेश काय होता, लोकांचे वर्तन प्रत्यक्षात किती बदलले, आणि घरी थांबण्यासाठी त्यांना काय आधार मिळाला.

जपान आणि पेरू शेजारी ठेवले, की तिन्ही रकान्यांची गरज पटते. जपानमध्ये ७ एप्रिल २०२० रोजी आणीबाणी जाहीर झाली, पण त्या वेळच्या कायद्यात बंद न पाळणाऱ्यांना दंड नव्हता. सरकारने विनंती केली आणि बंदिस्त जागा, गर्दी व निकटचा संवाद टाळण्याचे आवाहन केले. तरीही लोकांच्या गाठीभेटी मोठ्या प्रमाणात घटल्या. पेरूने १६ मार्च २०२० पासून सैन्याच्या मदतीने जगातील अत्यंत कडक टाळेबंदींपैकी एक लागू केली. परंतु तेथील बहुसंख्य कष्टकरी असंघटित क्षेत्रात होते, रोज कमावून रोज खाणारे होते. बाजारांत आणि मदतीची रक्कम घेण्यासाठी बँकांसमोर गर्दी होतच राहिली, प्राणवायूचा तुटवडा पडला आणि लोकसंख्येच्या प्रमाणात तेथील मृत्यू जगात सर्वाधिकांमध्ये गेले. यावरून टाळेबंदी निरुपयोगी असते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. निष्कर्ष इतकाच निघतो, की निर्देशांकावरील समान गुण दोन समाजांत समान अर्थाचे नसतात.

वर्तन मोजण्यासाठी गूगलने फोनच्या स्थानमाहितीवरून प्रसिद्ध केलेले गतिशीलता अहवाल वापरता येतात. त्यांची तुलना ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० या पाच आठवड्यांशी केलेली आहे, त्यामुळे ऋतुमानानुसार होणारा फरकही त्यात मिसळतो, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही ते त्यात नाहीतच. या अहवालांत एक गोष्ट अनेक ठिकाणी दिसते: अधिकृत आदेश येण्यापूर्वीच लोकांनी बाहेर पडणे कमी केले होते. ती घट आदेशाच्या खात्यावर जमा करू नये.

आता वेळेचा मुद्दा. दोन प्रदेशांच्या तारखा दिनदर्शिकेनुसार लावू नयेत. प्रत्येक प्रदेशात दर दहा लाखांमागे एक मृत्यू झाला तो दिवस पहिला धरून पुढची मांडणी करावी. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतील फिलाडेल्फिया आणि सेंट लुईस ही दोन अमेरिकन शहरे पाहा. फिलाडेल्फियात नागरिकांतील पहिले रुग्ण १७ सप्टेंबरच्या सुमारास नोंदले गेले, तरी २८ सप्टेंबरला शहरात प्रचंड मिरवणूक निघाली आणि शाळा, चर्च व नाट्यगृहे ३ ऑक्टोबरला बंद झाली. सेंट लुईसमध्ये पहिले रुग्ण ५ ऑक्टोबरच्या सुमारास आढळले आणि ७ ऑक्टोबरला बंदी आली. केवळ तारखा पाहिल्या, तर फिलाडेल्फियाने चार दिवस आधी पाऊल उचलले असे दिसते. साथीच्या घड्याळाने पाहिले, तर सेंट लुईस जवळपास दोन आठवडे पुढे होते. सर्वांत वाईट आठवड्यातील मृत्युदर फिलाडेल्फियात लाखामागे सुमारे २५७ आणि सेंट लुईसमध्ये सुमारे ३१ होता. निर्बंध सैल केल्यावर सेंट लुईसमध्येही दुसरी लाट आली, हेही त्याच नोंदीत लिहायला हवे.

कार्यकारणाची दिशा उलटी वाचण्याची चूक येथे फार होते. मृत्यू वाढू लागले, की सरकारे निर्बंध वाढवतात. परिणामी जास्त निर्बंध आणि जास्त मृत्यू आलेखावर एकत्र दिसतात, आणि निर्बंधांनीच हानी केली किंवा ते फुकट गेले, असा समज होतो. संसर्ग, गंभीर आजार, मृत्यू आणि मृत्यूची नोंद यांत मिळून कित्येक आठवडे जातात, त्यामुळे आदेशानंतर किमान तीन आठवड्यांनी त्याचा परिणाम मृत्यूंत शोधावा.

लस आल्यानंतरची तुलना

हाँगकाँग आणि न्यूझीलंड यांनी दोन वर्षे विषाणूला जवळजवळ बाहेर ठेवले आणि २०२२च्या सुरुवातीस ओमायक्रॉनची मोठी लाट दोघांनाही झेलावी लागली. न्यूझीलंडमधील बहुतांश वृद्धांचे लसीकरण तोवर झाले होते. हाँगकाँगमध्ये ऐंशी वर्षांवरील बहुसंख्य लोक लाटेच्या सुरुवातीला अपुऱ्या किंवा शून्य मात्रांवर होते. हाँगकाँगमध्ये काही आठवड्यांत हजारो वृद्ध दगावले आणि मृत्युदर त्या काळातील जगातील सर्वोच्च दरांत गेला; न्यूझीलंडमध्ये तो कितीतरी कमी राहिला. कडक निर्बंधांनी मिळवलेला वेळ कशासाठी वापरला गेला, हा प्रश्न माझ्या मते संपूर्ण तुलनेत सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो प्रत्येक जोडीला विचारावा.

किंमत आणि अहवालाचे लेखन

निर्बंधांची किंमत वेगळ्या कोष्टकात मांडावी आणि जीव व पैसा यांची एकाच गुणात भेसळ करू नये. शाळांच्या बाबतीत ‘बंद’ किंवा ‘सुरू’ एवढे लिहून भागत नाही. किती आठवडे, कोणत्या इयत्ता आणि घरी शिकण्याची कोणती सोय, हे नोंदवावे. डेन्मार्कने लहान मुलांच्या शाळा १५ एप्रिल २०२० रोजीच पुन्हा उघडल्या, तर युगांडात मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा पूर्णपणे उघडायला १० जानेवारी २०२२ उजाडला. उत्पन्नाचा आधार, पुढे ढकललेल्या शस्त्रक्रिया, चुकलेले बाल-लसीकरण यांच्याही नोंदी शोधाव्यात. त्यांची माहिती तुटक मिळते, पण ती मिळत नाही म्हणून ती किंमत शून्य होती, असे धरू नये.

आकड्यांच्या जोडीला अधिकृत चौकशी आयोगांचे अहवाल वाचावेत. स्वीडनच्या कोरोना आयोगाने डिसेंबर २०२० मधील अहवालात ज्येष्ठांचे संरक्षण करण्यात देशाला अपयश आल्याचे म्हटले आणि त्याचे खापर वृद्धसेवेतील जुन्या उणिवांवर तसेच समाजात पसरलेल्या संसर्गावर फोडले. टाळेबंदी असावी की नसावी, या वादात हरवून जाणारे असे तपशील तेथेच सापडतात.

निष्कर्ष लिहिताना ‘यामुळे झाले’ आणि ‘याच्या बरोबरीने झाले’ यांत काटेकोर भेद ठेवावा, आणि अंदाजांच्या कमाल व किमान मर्यादा गाळू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने जर्मनीतील जादा मृत्यूंचा २०२०-२१ साठीचा अंदाज अपेक्षित मृत्यूंचे गणित सुधारल्यावर १ लाख ९५ हजारांवरून १ लाख २२ हजारांवर आणला, आणि तोवर पहिल्या आकड्यावर जर्मनी व शेजारी देशांची तुलना करणारे लेख छापून झाले होते. म्हणून प्रत्येक कोष्टकाखाली माहिती कोणत्या दिवशी उतरवली, अपेक्षित मृत्यू कोणत्या वर्षांवरून काढले आणि वयाचा हिशेब कोणत्या लोकसंख्येला धरून केला, हे तीन तपशील द्यावेत, म्हणजे आकडे पुढे बदलले तरी दुसऱ्या कोणालाही तेच गणित नव्याने करून पाहता येईल.